बालगीत आणि हातांच्या खुणा

प्राथमिक शाळेत बालगीत हा केवळ विरंगुळ्याचा विषय नव्हे. पहिलीत नव्याने आलेले मूल वर्गातील इतर मुलांशी प्रथम एकरूप होते, ते बहुधा गाण्यातूनच. वाचन-लेखनात मागे पडणारे मूलही गाण्याच्या तासाला इतरांच्या बरोबरीने उभे असते. परंतु ज्या मुलास ऐकू येत नाही, किंवा अपुरे ऐकू येते, त्याच्या दृष्टीने हाच तास सर्वांत एकाकी ठरतो. शेजारच्या मुलांचे ओठ हललेले पाहून तेही ओठ हलविते; सर्वांनी टाळी वाजविली की क्षणभर उशिराने आपली टाळी वाजविते. मूल गाण्यात रमले आहे असे शिक्षकास वाटते. वस्तुतः गाणे कशाविषयी आहे, हेही त्या मुलास कळलेले नसते.

ही उणीव पुष्कळ अंशी दूर करता येईल असा एक उपाय प्रत्येक शाळेच्या आवाक्यात आहे. गाण्यातील मुख्य शब्दांना हाताच्या खुणा जोडाव्यात आणि त्या खुणा एका मुलाने नव्हे, तर सर्व वर्गाने कराव्यात.

अभिनय, खूण आणि भाषा

अभिनयगीते महाराष्ट्रातील बालवाड्यांस नवी नाहीत. मात्र अभिनय आणि खूण यांतील भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. अभिनय हा ज्याच्या त्याच्या कल्पनेवर अवलंबून असतो. एकच प्राणी एक शिक्षिका एका तऱ्हेने दाखविते, दुसरी दुसऱ्या तऱ्हेने. खुणेचा अर्थ मात्र ठरलेला असतो. तीच खूण उद्याच्या गाण्यात, भोजनाच्या वेळी आणि मैदानावरही त्याच अर्थाने वापरता येते. म्हणूनच गाण्यात शिकलेली खूण मुलाच्या कायमच्या उपयोगी पडते.

काही खुणा पाहताच उमगतात. दोन्ही हातांची बोटे टेकवून केलेले उतरते छप्पर म्हणजे घर, हे सांगावे लागत नाही. काही खुणांमागे लोकव्यवहार आहे. स्त्री दर्शविणारी खूण नथीच्या जागी नाकाला बोट लावून आणि पुरुष दर्शविणारी खूण मिशीच्या जागी केली जाते. इतर अनेक खुणा मात्र तर्काने सापडत नाहीत. त्या शिकूनच घ्याव्या लागतात. यासाठी दिल्ली येथील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश उपयुक्त आहे. हे केंद्र २०१५ साली स्थापन झाले. त्याच्या कोशाची पहिली आवृत्ती २०१८ साली सुमारे ३,००० शब्दांची होती. २०२१ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ही संख्या १०,००० झाली. कोशातील खुणा चित्रफितींच्या रूपाने पाहावयास मिळतात. परिसरात कर्णबधिर प्रौढ व्यक्ती असल्यास तिच्याकडून खुणा शिकणे सर्वांत उत्तम होय.

मुख्य शब्दांना खुणा दिल्या म्हणजे सांकेतिक भाषा शिकविली, असे मात्र समजू नये. भारतीय सांकेतिक भाषेस स्वतःचे व्याकरण आहे. तीत प्रश्नदर्शक खूण सामान्यतः वाक्याच्या अखेरीस येते. भुवया, चेहरा आणि मान यांच्या हालचालींनाही व्याकरणात स्थान आहे. मराठी गाण्याच्या शब्दक्रमाने केलेल्या खुणा म्हणजे ती भाषा नव्हे. बोलणे चालू ठेवून केवळ मुख्य शब्दांपुरती खूण करण्याची पद्धती स्वतंत्र आहे. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात मार्गारेट वॉकर या वाचोपचारतज्ज्ञ बाईंनी विकसित केलेली ‘मॅकॅटॉन’ पद्धती याच प्रकारची आहे. ती बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांनाही उपयोगी पडली.

वर्गातील योजना

पावसावरील एखादे चार ओळींचे गीत घ्यावे. प्रत्येक ओळीतून एक, फार तर दोन शब्द निवडावेत. उदाहरणार्थ, ढग, पाऊस, झाड, घर. प्रत्येक शब्दाला खूण देण्याचा हव्यास धरल्यास हात गाण्याच्या मागे पडतात आणि अर्थही हरवतो. त्यानंतर पुढील क्रमाने जावे.

१. प्रथम चित्र दाखवून गाण्याचा आशय गोष्टीरूपाने सांगावा. आशय कळल्यावाचून खूण निर्जीव राहते.

२. चालीशिवाय खुणा शिकवाव्यात. या वेळी सर्वांनी मौन पाळावे. त्यामुळे ऐकू न येणारे मूल आणि इतर मुले एकाच पातळीवर येतात.

३. ठेक्यावर खुणा कराव्यात. ढोलकी वा डग्गा यांच्या अंगाला तळहात लावला असता कंप जाणवतो. त्यावरून ऐकू न येणाऱ्या मुलासही लय पकडता येते.

४. अखेरीस संथ गतीने गाणे व खुणा एकत्र आणाव्यात.

मुलांस अर्धवर्तुळात बसवावे, म्हणजे ती एकमेकांचे हात पाहू शकतात. शिक्षकाने खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये, कारण मागील उजेडामुळे चेहरा व हात काळे दिसतात. खूण करताना तोंड झाकू नये. डावखुऱ्या मुलास डाव्या हातानेच खूण करू द्यावी. ज्याचा एक हात अधू आहे त्याची एका हाताची खूणही पूर्ण मानावी. मुलाचा हात धरून बळाने खूण करवू नये.

घ्यावयाची दक्षता

स्नेहसंमेलनात कर्णबधिर मुलास पुढे उभे करून कौतुकाचा विषय बनविणे अनुचित होय. खुणा सर्वांच्या झाल्या तरच त्यांचे सार्थक. नित्याच्या परिपाठातही याला वाव आहे. सांकेतिक भाषेतील राष्ट्रगीताची, गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेली चित्रफीत २०१७ साली प्रसिद्ध झाली आहे.

या पद्धतीचा लाभ कर्णबधिर मुलांपुरताच मर्यादित नाही. घरी कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलास मराठी शब्दाचा अर्थ खुणेतून कळतो. बोलण्यास लाजणारे मूल हातांनी प्रथम सहभागी होते आणि पुढे आवाजानेही साथ देऊ लागते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. खुणा पाहून उत्साहाने सामील होणारे, परंतु पाठ फिरवून गायिल्यास गोंधळणारे मूल आळशी वा मंद नसून त्यास कमी ऐकू येत असण्याचा संभव आहे. अशा मुलाची नोंद करून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आरोग्य पथकाकडून त्याची श्रवणतपासणी करवून घ्यावी आणि पालकांस विश्वासात घ्यावे. कान फुटणे किंवा कानात पाणी साचणे यांसारखे दोष वेळीच उपचार झाल्यास पुष्कळदा बरे होतात.

गाणे संपल्यावर टाळ्यांऐवजी दोन्ही हात उंच करून बोटे पसरून हलविण्याची रीत कर्णबधिर समाजात आहे. तीही वर्गास शिकवावी. चाळीस मुलांचे हात एकाच वेळी वर हलतात तेव्हा ज्याला टाळ्यांचा आवाज कधी ऐकू आला नाही, त्यालाही ती शाबासकी मिळते. आणि त्या चाळिसांत त्याचेही दोन हात असतात.