तांबडी सुर्ल्याचे महादेव मंदिर

गोव्याच्या पूर्व सीमेवर, अनमोड घाटाच्या पायथ्याशी, भगवान महावीर अभयारण्याच्या दाट रानात तांबडी सुर्ल्याचे महादेव मंदिर आहे. शैलीवरून ते 12 व्या-13 व्या शतकातले, गोव्याच्या कदंब राजवटीतले ठरते. आकाराने लहान असले तरी कदंबकाळातले इतके अखंड राहिलेले दुसरे मंदिर गोव्यात नाही.

गोव्याचा नेहमीचा दगड म्हणजे जांभा. त्याचे चिरे पटकन निघतात, भिंती भक्कम होतात. पण त्याच्या भोकाभोकांच्या अंगावर पाकळीची कड काही उठत नाही. त्यामुळे इथे संगजिऱ्याच्या जातीचा, क्लोराइट शिस्ट नावाचा काळपट करडा दगड वापरला आहे. तो पठारावरून घाट उतरवून आणला असे मानले जाते. मऊ असल्याने तो बारीक छिन्नीला वश होतो. हे दगड चुन्याशिवाय एकमेकांवर बसवलेले आहेत. अशा कामात प्रत्येक दगड जागेवर चढवण्याआधीच नेमका घडवावा लागतो, कारण चुकलेली फट भरून काढायला मध्ये काहीच नसते. या मंदिराची खरी कारागिरी नक्षीइतकीच या सांध्यांत आहे.

मंदिर पूर्वाभिमुख आहे. मंडप, अंतराळ आणि गर्भगृह असा साधा क्रम. मंडपाला तिन्ही बाजूंनी प्रवेश आहे आणि कडेने बुटकी भिंत फिरते. मधोमध नंदी आहे. त्याचे शिर तुटलेले आहे. नंदीभोवती चार कोरीव खांब आणि त्यांनी पेललेल्या छतात दगडी कमळ. खांबांखाली पाहिले तर एका तळखड्यावर घोड्याला पायाखाली तुडवणारा हत्ती कोरला आहे. वितभर जागेत हत्तीचा सगळा भार उतरला आहे; छत पाहण्याच्या नादात तो सहज नजरेतून निसटतो. देवकोष्ठांत गणपती आणि नागप्रतिमा आहेत. अंतराळाच्या दाराला दोन्ही बाजूंनी दगडी जाळी असून तिच्या आरपार छिद्रांमधून फुले आणि आकृती घडवल्या आहेत. गर्भगृहात शिवलिंग आहे.

बाहेरून मंडप अगदी साधा दिसतो. त्याच्या छताच्या सपाट शिळा उतरत्या बसवल्या आहेत, त्यामुळे घाटमाथ्याखालचा मुसळधार पाऊस सहज वाहून जातो. बाहेरची शोभा सारी शिखराने घेतली आहे. ब्रह्मा, विष्णू आणि शिव यांच्या मूर्ती तिथे कोरल्या आहेत. शिखराचा माथा मात्र अपुरा आहे.

1510 मध्ये पोर्तुगीजांनी तिसवाडी घेतली आणि त्याच शतकात जुन्या काबिजादीतली, म्हणजे त्यांनी आधी जिंकलेल्या भागातली देवळे पाडली गेली. सुर्ल्याचा हा मुलूख त्यांच्या हाती 18 व्या शतकाच्या उत्तरार्धात आला. तोवर देवळे पाडण्याचे ते धोरण मागे पडले होते. मंदिर रानामुळे वाचले असे नेहमी सांगितले जाते. त्यात तथ्य आहेच, पण सत्तेचा हा उशीरही तेवढाच महत्त्वाचा. शिवाय शतकानुशतकांचे पावसाळे सोसूनही ते उभे राहिले, याचे श्रेय सांधे जुळवणाऱ्या पाथरवटांकडे जाते.

आज हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे संरक्षित स्मारक आहे. लिंगाची पूजा अजूनही होते आणि महाशिवरात्रीला उत्सव भरतो.