रस्ता हवाच, पण तब्येतीचं काय?

आजच्या भागाचा विषय नावाने जड आहे: हेल्थ इम्पॅक्ट असेसमेंट, म्हणजे आरोग्य परिणाम मूल्यमापन. सोप्या भाषेत सांगतो. एखादी योजना पक्की करण्याआधीच विचारायचं, याने कोणाची तब्येत सुधारेल आणि कोणाची बिघडेल?

पोलादपूर तालुक्यातलं कुडपण घ्या. सह्याद्रीच्या कुशीतलं गाव. समजा, इथला घाटरस्ता रुंद करायचं ठरलं. मी म्हणेन, रस्ता हवाच. साप चावला, बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, तर १०८ ची गाडी वेळेत पोचायला हवी. हा फायदासुद्धा मोजायचा.

आता दुसरी बाजू. २२ जुलै २०२१ ला शेजारच्या महाड तालुक्यात तळीये गावावर दरड कोसळली, ८० हून जास्त माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी आल्या. तिथे रस्त्यामुळे झालं असं मी म्हणत नाहीये. पण अशा भागात डोंगर कापायचा तर खाली कोणाची घरं आहेत, हे आधी बघायला नको का?

मूल्यमापनाच्या पायऱ्या पाचच आहेत. आधी ठरवायचं, अभ्यासाची गरज आहे का. मग कोणते परिणाम तपासायचे: झऱ्याचं पाणी आटेल का, खड्ड्यांत साचलेल्या पाण्यात डास होतील का, धूळ आणि अपघात किती वाढतील. मग गावकऱ्यांना विचारून अंदाज बांधायचा. मग उपाय सुचवायचे. शेवटी काम झाल्यावर लक्ष ठेवायचं.

तुम्ही म्हणाल, पर्यावरणाचा अभ्यास होतोच की! होतो, २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे, पण यादीतल्या प्रकल्पांसाठी. गावचा साधा रस्ता त्या यादीत नाही. आणि यादीतल्या सगळ्याच प्रकल्पांना आरोग्याचा वेगळा अभ्यास सक्तीचा नाही. थायलंडने मात्र २००७ च्या आरोग्य कायद्यात असं मूल्यमापन मागण्याचा हक्क लोकांना दिला.

आपल्याकडे तसा कायदा येईपर्यंत काय करायचं? ग्रामसभा आहे ना! वर्षातून किमान ४ वेळा घ्यावी लागते. तिथे तीन प्रश्न विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. कापलेल्या डोंगराला आधार कसा देणार? आमच्या झऱ्यांचं काय होणार? पहिल्या पावसानंतर पाहणीला कोण येणार?

प्रश्न विचारला म्हणजे विकास अडवला असं नाही, मंडळी. उलट आजीला दवाखान्यात नेणारा रस्ता आजीच्या घरावर दरड आणणार नाही, एवढीच खात्री आपण मागतोय. तुमच्या गावात कुठलं काम मंजूर झालंय? पुढच्या ग्रामसभेची तारीख आजच विचारून घ्या. भेटू पुढच्या भागात!