गावाचा नकाशा आणि शाळेची संहिता : ‘लोक जुंबिश’चा एक अन्वयार्थ

शाळा आणि समाज यांच्या संबंधाचा विचार बहुधा शिक्षणशास्त्राच्या कक्षेत केला जातो. तथापि हा संबंध कोणत्या शब्दांत व्यक्त होतो आणि त्याचा लेखक कोण ठरतो, हे प्रश्न तौलनिक साहित्याभ्यासाच्याही कक्षेत येतात. या दृष्टीने राजस्थानातील ‘लोक जुंबिश’ हा कार्यक्रम विचारात घेण्याजोगा आहे.

१९९२ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन जयपूर येथून होत असे. केंद्रीय शिक्षण सचिवपद भूषविलेले अनिल बोर्डिया हे त्याचे शिल्पकार. त्याला स्वीडनचे अर्थसाहाय्य होते. त्यापूर्वी १९८७ मध्ये ‘शिक्षाकर्मी’ योजना आली होती. दुर्गम गावी नेमलेला शिक्षक तेथे राहत नसल्याने शाळा बंद पडत. म्हणून गावातीलच अल्पशिक्षित तरुण-तरुणींना प्रशिक्षण देऊन अध्यापनाचे काम सोपविण्यात आले.

‘लोक जुंबिश’ने याच्या पुढचे पाऊल टाकले. शालेय मानचित्रण ही त्याची मध्यवर्ती प्रक्रिया. गावातील स्त्री-पुरुषांचे ‘प्रेरक दल’ घरोघर फिरून पाहणी करी आणि गावाचा ‘नजरी नक्शा’ तयार होई. कोणत्या घरातील मूल शाळेत जाते व कोणत्या घरातील जात नाही, हे त्यावर खुणांनी दाखविले जाई. या नकाशाच्या आधारे गाव आपली मागणी मांडत असे. खुणा वाचण्यास अक्षरओळख लागत नाही. त्यामुळे निरक्षर आईही त्या संहितेची वाचक होऊ शकत होती. शाळेबाहेरची मुलगी सरकारी तक्त्यात केवळ एक आकडा असते. नकाशावर मात्र ती अमक्या घरची म्हणून ओळखली जाते. पालकांचा सहभाग येथे सभेतील उपस्थितीपुरता उरत नाही. तो कथनाचा अधिकार बनतो.

नावही अर्थपूर्ण आहे. संस्कृत ‘लोक’ आणि फारसी ‘जुंबिश’ यांचा हा संयोग. ‘जुंबिश’ म्हणजे हालचाल, स्पंदन. मराठीत ‘लोकचळवळ’ असे भाषांतर केल्यास संघर्षाची छटा पुढे येते व मूळ शब्दातील सूक्ष्म हालचालीचा भाव मागे पडतो.

याच्याशी मराठी परंपरेतील एक उदाहरण ताडून पाहता येते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीस आरंभिलेले कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने पाड्यावरील अंगणात जावे, या विचारातून ‘अंगणवाडी’ साकारली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली. दोन्ही शब्दांत स्थळ आधी येते, संस्था नंतर. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर नेला आणि राजस्थानच्या खेड्यांतही तो रूढ झाला. शब्दाने प्रवास केला, परंतु अंगण मागे राहिले : आता तो बहुतांशी एका शासकीय केंद्राचा वाचक आहे.

‘लोक जुंबिश’चे भवितव्य निराळे ठरले. मे १९९८ मधील पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर स्वीडनने साहाय्य थांबविले. पुढे ब्रिटिश साहाय्यावर काही काळ चालून कार्यक्रम संपुष्टात आला. राजस्थानच्याच भूमीवरील एका घटनेचा परिणाम तेथील गावशाळांपर्यंत पोहोचावा, ही बाब बाह्य निधीवर उभ्या असलेल्या लोकसहभागाची मर्यादा दाखविते.

शिक्षणहक्क कायदा, २००९ याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असणे आवश्यक आहे. शाळा विकास आराखडा करण्याचे काम कलम २२ त्याच समितीकडे देते. सहभागाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले, ही उपलब्धी मोठीच. मात्र ‘व्यवस्थापन’ हा शब्द पालकाला छापील नमुन्यावर सही करणारा सदस्य बनवू शकतो. नकाशाने त्याला लेखक केले होते. आराखडा कोणाच्या भाषेत लिहिला जातो आणि तो सही करणाऱ्याला वाचता येतो काय, यावरच त्या सहभागाचे मोल ठरेल.