दाखला

पहाटे 5:10

गजर व्हायच्या आधीच जाग आली. गुरुवार, 11 सप्टेंबर 2025. गणपती जाऊन पाच दिवस झाले, तरी मखराचे पुठ्ठे अजून हॉलच्या कोपऱ्यात उभे आहेत. जेवणाच्या टेबलावर लेकीचा लॅपटॉप, तिची गणिताची वही आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घराच्या भाडेकरारापासून माझ्या पगाराच्या स्लिपांपर्यंतचे कागद. तिची बारावी आहे. एचएससीची लेखी परीक्षा 9 ऑक्टोबरला सुरू होते. पण घरात सध्या परीक्षेपेक्षा या फोल्डरचीच धास्ती जास्त आहे.

न्यू साउथ वेल्समध्ये बहुतेक विद्यापीठांचे प्रवेश यूएसी या एकाच केंद्रातून होतात. कमी शुल्काची मुदत सप्टेंबरअखेर संपते. त्या अर्जाला जोडून आणखी दोन अर्ज असतात, आणि आपल्या घरांतून ते बहुतेक भरलेच जात नाहीत. एक ईएएस, म्हणजे एज्युकेशनल अ‍ॅक्सेस स्कीम. अकरावी-बारावीच्या काळात निदान सहा महिने मुलाच्या शिक्षणाला घरच्या अडचणीची, आजारपणाची किंवा पैशाच्या ओढाताणीची झळ बसली असेल, तर विद्यापीठं प्रवेशाच्या क्रमवारीत थोडी भर घालतात. दुसरा अर्ज इक्विटी स्कॉलरशिपचा. ती गुणांवर मिळत नाही, परिस्थितीवर मिळते. दोन्हीसाठी परिस्थिती काय होती हे लिहावं लागतं आणि कागदाने दाखवावं लागतं.

आज रात्री ते पाठवायचं असं ठरलंय.

सकाळी 6:00

धाकट्याचा डबा, माझा डबा, ह्यांच्यासाठी पोळ्या. लेक उठून आली, केस तसेच, हातात घडी घातलेला कागद.

“आई, हे वाचून ठेव. मिस म्हणाल्या, शाळेच्या स्टेटमेंटसाठी मी लिहून दिलेलं घरी कुणीतरी एकदा वाचायला हवं. दोन आठवडे झाले देऊन. तुला दाखवायचं धाडस होत नव्हतं.”

“बाबाला दाखवलंस?”

“नाही. तू आधी वाच.”

मी हात पुसले आणि कागद पर्समध्ये ठेवला. तेव्हाच उघडला असता, तर कामाला वेळेवर पोचले नसते.

6:35

कामावर चालतच जाते. ओल्ड नॉर्दर्न रोडच्या कडेने वीस मिनिटं. सप्टेंबरात मॅगपायची पिल्लं घरट्यात असतात आणि नर डोक्यावर झेपावतात, म्हणून एका ठरावीक झाडाखालून छत्री उघडून जायचं. या रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत दुमजली घरं, दोन-दोन गाड्या, कापून ठेवलेलं गवत. आम्ही कॅसल हिलच्या मेट्रो स्टेशनजवळ दोन बेडरूमच्या युनिटमध्ये भाड्याने राहतो. कॅसल हिल म्हटलं की सिडनीतलाच माणूस भुवया उंचावतो, बरं चाललंय म्हणतो. इथे ओढाताण असली तरी ती दाराच्या आत राहते. सुपरमार्केटमध्ये भेटलेल्या ओळखीच्या बाईला कुणी सांगत नाही, की यंदा गाडीचा विमा थकलाय.

मेमध्ये, म्हणजे मागच्या वर्षीच्या मेमध्ये, ह्यांची नोकरी गेली. कंपनीने एका मीटिंगमध्ये अकरा जणांना सांगितलं. त्यानंतर नऊ महिने हे घरी होते. मी एजेड केअरमध्ये सकाळची शिफ्ट संपवून आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळचीही करायचे. लेक तेव्हा अकरावीत होती. आता हे पॅरामॅटाला कंत्राटावर आहेत आणि गाडी रुळावर आली आहे. पण ते नऊ महिने भारतातल्या नातेवाइकांना आम्ही अजूनही सांगितलेले नाहीत.

8:20

हँडओव्हर झालं, औषधं झाली. सात नंबरच्या खोलीत एक निवृत्त शिक्षिका आहेत, वय 86. इथे सगळ्यांना पहिल्या नावानेच हाक मारायची असते. तशी मी मारतेही, पण मनात त्यांना ‘बाई’ म्हणते. त्यांचे केस विंचरताना बोलणं होतं. आज मी लेकीचं सांगितलं, की तिला शाळेत गणित शिकवायचंय.

बाई ताठ बसल्या. त्या आर्मिडेलच्या टीचर्स कॉलेजात शिकल्या, सरकारी स्कॉलरशिपवर. बदल्यात बाँड होता. सरकार पाठवील त्या गावी ठरलेली वर्षं शिकवायचं. त्या गावात एकच हॉटेल होतं आणि धूळ होती, म्हणाल्या. त्यांचा मुलगा फुकट शिकला, कारण 1974 पासून व्हिटलम सरकारने विद्यापीठांची फीच रद्द केली होती. नात मात्र कर्जावर शिकली. 1989 मध्ये हॉक सरकारने हेक्स आणलं. शिक्षणमंत्री डॉकिन्स, आणि कल्पनेमागे अर्थतज्ज्ञ ब्रूस चॅपमन. आज वर्षाला 1800 डॉलर भरायचे नाहीत, पुढे कमवायला लागलात की करातून वळते होतील, असा तो सौदा होता. आजी, मुलगा, नात, एकाच घरातल्या तिघांना शिक्षणाचे तीन भाव लागले.

“तिला सांग, बाँडची लाज नसते,” बाई म्हणाल्या. “मला मिळालं म्हणून मी शिकवलं.”

तसा बाँड आता पुन्हा आलाय, हे मी त्यांना सांगितलं. 2024 पासून शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना कॉमनवेल्थ टीचिंग स्कॉलरशिप आहे. पदवीला चार वर्षांत 40 हजार डॉलरपर्यंत, आणि नंतर तितकी वर्षं शिकवण्याची बांधिलकी. शिवाय यंदा 1 जुलैपासून शाळेतल्या प्रात्यक्षिकाच्या आठवड्यांत गरजू विद्यार्थ्यांना आठवड्याला सुमारे 331 डॉलर मिळतात. बाईंनी विचारलं, त्यासाठीही फॉर्म असेल ना? असतोच.

10:15

चहाच्या सुट्टीत केलीव्हिलच्या मैत्रिणीचा मेसेज. तिचा मुलगाही बारावीला. “हेक्स सगळ्यांना मिळतं ना?”

नाही मिळत. हे तिला मागच्या वर्षी सांगायला हवं होतं, ही टोचणी मला आहे. हेक्स-हेल्प हे कर्ज ऑस्ट्रेलियन नागरिकांना मिळतं. न्यूझीलंडच्या काही जणांना आणि मानवतावादी व्हिसावर आलेल्यांनाही मिळतं. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा व्हिसा असलेल्यांच्या मुलांना सरकारी अनुदानाची जागा मिळते, पण आपल्या वाट्याची फी दर सत्राला सेन्सस डेट या ठरलेल्या मुदतीच्या आत रोख भरावी लागते. आणि तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर परदेशी विद्यार्थ्याची पूर्ण फी. यंदाचे आकडे बघा. शिक्षकी किंवा नर्सिंगला विद्यार्थ्याचा वाटा वर्षाला 4,627 डॉलर. कायदा, कॉमर्स आणि आर्ट्समधल्या बहुतेक विषयांना 16,992. पहिला आकडा एखादं घर पोटाला चिमटा काढून भरेल. दुसरा रोख भरणं म्हणजे दोन-तीन वर्षांची शिल्लक घालवणं.

आम्ही 2023 मध्ये नागरिकत्व घेतलं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून जुना पासपोर्ट परत करावा लागला. ज्या दिवशी तो रद्दचा शिक्का मारून हातात आला, त्या दिवशी हे जेवले नाहीत. पण लेक तेव्हा पंधरा वर्षांची होती. सोळाच्या आतलं मूल आईबापांच्याच अर्जात बसतं, नंतर त्याचा अर्ज वेगळा. मैत्रिणीला मी फोनच केला. नागरिकत्वाला इथे चार वर्षांचं कायदेशीर वास्तव्य लागतं, त्यातलं शेवटचं वर्ष पीआरवर. तिचे दोन्ही निकष केव्हाच पूर्ण झालेत. सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून थांबलेत.

शेजारी बसलेली तरुण नर्स हे ऐकत होती. तिचं कर्ज यंदा 20 टक्क्यांनी उतरणार आहे, संसदेने जुलैअखेर तसा कायदा केला. कर्जाला घाबरायचं किती? ती म्हणाली, नव्या नियमाप्रमाणे वर्षाला 67 हजारांपर्यंत मिळकत असेल तर काहीच भरायचं नाही, आणि त्यावरच्या, 1 लाख 25 हजारांपर्यंतच्या प्रत्येक डॉलरला 15 सेंट. म्हणजे 70 हजार कमावले तर वर्षाला 450. मात्र दर 1 जूनला महागाई किंवा वेतनवाढ, यांत जे कमी असेल त्याप्रमाणे रक्कम वाढते. 2023 मध्ये ती 7.1 टक्क्यांनी वाढली होती. एवढी ओरड झाली, की सरकारला ती वाढ मागाहून कमी करावी लागली. आपल्याकडच्या सावकारी कर्जाची भीती हेक्सला लावू नका, पण ते विसरूनही जाऊ नका.

11:50

डबा तसाच ठेवला आणि कागद उघडला. इंग्रजीत, तिच्या बारीक अक्षरात, दीड पान.

“मागच्या वर्षी आमच्या घरात टीव्ही बंद असायचा, कारण बाबा फोनची वाट बघत असायचे. आई रात्री साडेदहाला यायची. भावाला मी जेवायला घालायचे, त्याचं होमवर्क घ्यायचे आणि मग माझा अभ्यास. मी एक्स्टेन्शनचं गणित सोडणार होते, कारण त्या क्लासला जायला कुणी सोडणारं नव्हतं. सोडलं नाही. बसने गेले. गुरुवारी आणि शनिवारी मी कॅसल टॉवर्समधल्या दुकानात काम घेतलं. आईला सांगितलं की मला कपड्यांसाठी पैसे हवेत. ते पैसे मी भावाच्या कॅम्पसाठी ठेवले.”

कॅम्पचे पैसे हे भरतात असं मला वाटत होतं. मी भरले असं ह्यांना वाटत असणार.

मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले. मग तोंड धुतलं. बारा वाजता जेवणाच्या ट्रॉल्या निघतात.

3:20

शाळेच्या ऑफिसातून फोन आला. शाळेचं निवेदन आज दुपारी अपलोड झालं. एवढंच. पण फोन करणाऱ्या बाई जाता जाता म्हणाल्या, “आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं.”

सायंकाळी 6:30

हे आले. लेक टॉवर्सला गेली होती. गुरुवारी दुकानं रात्री नऊपर्यंत उघडी असतात. परीक्षेच्या तोंडावर आजची शिफ्ट तिची शेवटची. धाकटा आत होता. मी कागद ह्यांच्यासमोर ठेवला आणि कढी उकळत ठेवायला आत गेले. मुद्दामच गेले.

बऱ्याच वेळाने आवाज आला. “हे विद्यापीठातले लोक वाचणार?”

“वाचणार.”

“आपण काय हलाखीत होतो का? दोन वेळचं जेवत होतो. तिला मार्क आहेत ना चांगले? मार्कांवर मिळेल ते मिळेल.”

हे वाक्य मी अनेक मराठी घरांत ऐकलंय. मार्कांवर मिळालेलं ते कमावलेलं, परिस्थितीवर मिळालेलं ती भीक, असं आपण कुठेतरी मनाशी पक्कं करून ठेवलंय. मला ते खोटं वाटतं. बसने एक्स्टेन्शनच्या क्लासला जाणं, भावाला जेवू घालून दहाला वही उघडणं, हे गुणपत्रिकेत कुठे दिसतं? ते या दुसऱ्याच अर्जात दिसतं. ह्यांना मी एवढंच म्हटलं, “अहो, हा तुमच्यावरचा कागद नाही. तिच्या वर्षाचा आहे.”

हे काही बोलले नाहीत. जेवणं झाली.

8:00

माझ्या वडिलांचा, अण्णांचा व्हिडिओ कॉल. तिकडे साडेतीन, दुपारची झोप झालेली, मागे कोरेगावच्या घराची ओसरी. आज मी ते नऊ महिने त्यांना सांगून टाकले, आणि लेकीच्या अर्जाचंही. हे शेजारीच बसले होते, आणि त्यांनी मला थांबवलं नाही.

अण्णा जरा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजची गोष्ट काढली. आम्ही ती शंभरदा ऐकली आहे, पण आज वेगळी ऐकू आली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि 1947 मध्ये हे कॉलेज. तिथे ‘कमवा आणि शिका’. अण्णा सकाळी शेतात राबायचे आणि मग वर्गात बसायचे. त्या योजनेत जायचं तर घरचं सगळं सांगावं लागायचं. जमीन किती, खाणारी तोंडं किती, वडील काय करतात. “माझ्या बापाने तलाठ्यासमोर अंगठा उठवला, पोरी. त्या दाखल्यावर मी शिकलो.”

मग माझी आठवण निघाली. कॉलेजात ईबीसीची फी-सवलत मिळावी म्हणून उत्पन्नाचा दाखला काढायला मी त्यांच्याबरोबर तहसील कचेरीत गेले होते. दोन हेलपाटे, तिसऱ्यांदा सही. तेव्हा मला लाज वाटली होती का? आठवत नाही. उसाचा रस प्यायलेला आठवतो.

“जावईबापू,” अण्णा म्हणाले, “माझ्या बापाने अंगठा दिला. तुम्हाला तर नुसती परवानगी द्यायची आहे.”

रात्री 9:25

मेट्रोच्या जिन्यापाशी हे स्वतः तिला आणायला गेले. एरवी ती एकटी येते, पाच मिनिटांचा रस्ता आहे. काय बोलले ते मी विचारलं नाही. दोघं आले तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि ह्यांच्या हातात तिची बॅग होती.

लॅपटॉप उघडला. पहिली पसंती मॅक्वारी विद्यापीठ, इथून मेट्रोने तिसरं स्टेशन. घरी राहून शिकता येईल, म्हणजे राहण्याचा खर्च वाचला. ईएएसच्या पानावर कारण निवडायचं होतं. तिने ‘घरची परिस्थिती आणि जबाबदाऱ्या’ या रकान्यावर टिचकी मारली आणि आमच्याकडे पाहिलं. ह्यांनी फोल्डरमधून नोकरी गेल्याचं पत्र काढलं. गेलं वर्षभर ते कपाटात सगळ्यात खाली, जुन्या पासपोर्टांच्या पाकिटात होतं. त्यांनी ते स्वतः स्कॅन केलं.

अर्ज 9:52 ला गेला. मिळेल की नाही, किती मिळेल, ते पुढे कळेल.

तुमच्या घरातलं अकरावी-बारावीचं वर्ष असं गेलं असेल, तर मुलाच्या इयर अ‍ॅडव्हायझरला याच आठवड्यात गाठा आणि काय झालं ते स्पष्ट सांगा. शाळेचं निवेदन तयार व्हायला वेळ लागतो. आमच्या शाळेला दोन आठवडे लागले.