सर्व्हरची सकाळची डागडुजी

सकाळचे सहा वाजून गेलेत. डेटा सेंटरच्या रॅकमधल्या एका उबंटू सर्व्हरवर रात्रीपासून कोणी लॉगिन केलेलं नाही. तरीही सहा ते सातच्या दरम्यान तो स्वतःची डागडुजी करायला घेतो. नेमकं मिनिट मुद्दामच ठरवलेलं नसतं. हजारो सर्व्हर सहाच्या ठोक्याला एकदम फाइली मागू लागले, तर पुरवठा करणाऱ्या यंत्रांचीच दमछाक होईल. म्हणून टायमर रोज तासाभराच्या आत कुठलीही वेळ निवडतो.

डेबियन आणि उबंटूवर हे काम ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ नावाचा प्रोग्रॅम करतो. उबंटूवर तो मुळात फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या उचलतो. नव्या सोयीसुविधांच्या वाटेला जात नाही. पॅकेजं बऱ्याचदा येतात ती ‘मिरर’वरून, म्हणजे विद्यापीठांनी किंवा कंपन्यांनी ठेवलेल्या प्रतींमधून. मग वाटेत कोणी भेसळ केली तर?

इथे भरवसा कुरिअरवाल्यावर नाही, पाकिटाच्या सीलवर आहे. ‘रिलीज’ फाइलवर वितरकाची डिजिटल सही असते. त्या फाइलीत पॅकेजांच्या याद्यांचे हॅश, म्हणजे गणिती ठसे असतात आणि यादीत प्रत्येक पॅकेजचा ठसा असतो. पॅकेजमधला एक बिट जरी बदलला, तरी ठसा जुळत नाही आणि पॅकेजं आणणारा ‘एपीटी’ हा प्रोग्रॅम ते नाकारतो.

दुरुस्ती म्हणजे नवी आवृत्ती, असं मात्र नसतं. ७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ उघडकीला आला. ओपनएसएसएल या लायब्ररीतल्या या चुकीमुळे कोणीही दुरून सर्व्हरच्या मेमरीतले ६४ किलोबाइटपर्यंतचे तुकडे वाचू शकत होता, तेही पुन्हा पुन्हा. मूळ प्रकल्पाने त्यासाठी १.०.१जी ही आवृत्ती काढली. डेबियनने स्थिर शाखेत १.०.१ई हीच जुनी आवृत्ती ठेवली, फक्त तेवढं भगदाड बुजवलं आणि पॅकेजच्या क्रमांकाला शेपूट वाढवलं. याला ‘बॅकपोर्ट’ म्हणतात. बदल जितका कमी, तितकी बाकीचं काही मोडण्याची भीती कमी. त्यामुळे नुसता आवृत्तीचा आकडा पाहून सर्व्हरला असुरक्षित ठरवणाऱ्यांची तेव्हा फसगत होई.

आता खरी गंमत. चालू प्रोग्रॅमच्या पायाखालची लायब्ररी बदलते, तरी तो कोसळत का नाही? लिनक्समध्ये फाइलचं नाव आणि फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅकेज बसवणारा ‘डीपीकेजी’ नवी फाइल शेजारी उतरवतो आणि मग जुनं नाव तिला देतो. जुनी फाइल बिननावाची होते, पण एखादा प्रोग्रॅम ती वापरत असेपर्यंत डिस्कवर जिवंत राहते. म्हणून वेबसाइट एक क्षणही अडखळत नाही.

गोम इथेच आहे. डिस्कवर पॅच बसला, पण चालू प्रोसेस मेमरीतला जुना, सच्छिद्र कोडच चालवत राहते. हार्टब्लीडच्या वेळी हे इतकं ठळक झालं की, डेबियनने लगोलग काढलेल्या सुधारित पॅकेजमध्ये कोणत्या सेवा रीस्टार्ट करायला हव्यात हे तपासण्याची सोय घातली. आज हे काम ‘नीडरीस्टार्ट’ करतो. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, मात्र रीबूट केल्याशिवाय सहसा बदलत नाही आणि आपोआप रीबूट करण्याची सेटिंग मुळात बंद असते.

अॅडमिनने हाताने बदललेली कॉन्फिगरेशन फाइल नव्या पॅकेजशी भांडणार असेल, तर ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ ते पॅकेज बाजूला ठेवतो. प्रश्न विचारावा लागणार, आणि उत्तर द्यायला तर समोर कोणी नाही!

सही अस्सल असूनही माल खोटा निघू शकतो, हे मार्च २०२४ मध्ये दिसलं. एसएसएचचं, म्हणजे सर्व्हरवर दुरून केलेलं, लॉगिन अर्धा सेकंद जास्त का घेतंय, याचा माग काढताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला फाइली आवळणाऱ्या ‘एक्सझेड’ या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत लपवलेला चोरदरवाजा सापडला. डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत तो पोचला होता. स्थिर शाखेत शिरला नव्हता. तिथे नव्या आवृत्त्या अशा थेट येतच नाहीत.

तेव्हा स्वयंचलित अपडेट बेलाशक चालू ठेवावेत, पण सुरक्षेपुरतेच. आणि उबंटू सांभाळणाऱ्यांनी आज ‘रन’ फोल्डरमध्ये एकदा डोकवावं. तिथे ‘रीबूट-रिक्वायर्ड’ नावाची फाइल दिसली, तर सर्व्हर रीबूटची वाट पाहतोय.