मेणातला तुकडा आणि मुलाचे प्राण

आमगाव हे गोंदिया जिल्ह्यातील, मुंबई-हावडा लोहमार्गावरचे तालुक्याचे ठिकाण. तेथील एखादे मूल सकाळी उठताच ओकू लागले, डोके दुखते म्हणू लागले, तर घरची माणसे पित्ताला किंवा जंतांना दोष देतात. आणि बहुधा ते खरेही असते. परंतु या तक्रारी आठवडेच्या आठवडे टिकल्या, चालताना मुलाचा तोल जाऊ लागला, तर लहान मेंदूत गाठ वाढत असण्याची शक्यता ध्यानात घ्यावी लागते. मेड्युलोब्लास्टोमा ही बालवयातील मेंदूच्या मारक गाठींपैकी एक प्रमुख गाठ होय.

सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळशा सारख्या दिसणाऱ्या या गाठी स्वभावाने सारख्या नसतात. त्यांचे चार मुख्य गट मानले जातात. 'विंट' गटातील दहांपैकी सुमारे नऊ मुले उपचारांनी वाचतात. 'गट ३' मधील गाठ अनेकदा कोणत्याच उपचाराला दाद देत नाही. हा भेद ओळखण्यास जे रेणू साह्य करतात, त्यांत मायक्रो-आरएनए महत्त्वाचे आहेत. सुमारे बावीस दुव्यांची ही चिमुकली साखळी स्वतः प्रथिन घडवीत नाही. प्रथिनाचा आदेश वाहणाऱ्या आरएनएला चिकटून ती तो आदेश दाबते. व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकुन यांनी १९९३ साली एका सूत्रकृमीत तिचे कार्य उलगडले. त्याबद्दल २०२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या ज्ञानाला महाराष्ट्रातही भर पडली आहे. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या 'अ‍ॅक्ट्रेक' संस्थेत डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने विंट गाठींतील मायक्रो-आरएनएंची विशिष्ट ठेवण २०१० साली दाखविली. २०१३ साली मेणात जतन केलेल्या गाठीच्या तुकड्यावरूनच गट ठरविणारी चाचणी त्यांनी मांडली. मिर-२०४ हा मायक्रो-आरएनए ज्या गाठींत ओसरलेला असतो, त्या अधिक घातक ठरतात, असे त्यांना २०१९ साली आढळले. प्रयोगशाळेत तो पेशींना परत दिला असता त्यांची वाढ मंदावली. मात्र हे अद्याप औषध नव्हे.

गट कळला म्हणजे सारे साधले, असेही नाही. मेंदू व कणा यांवरील किरणांनी वाढत्या मुलाची बुद्धी व उंची खुंटते. म्हणून विंट गटात ते सुरुवातीस वगळून पाहण्याचा प्रयोग टाटा केंद्रातच झाला. गाठ उलटू लागल्याने तो थांबवावा लागला. किरण किती कमी करता येतील, हा प्रश्न त्यामुळेच जपून सोडवावा लागत आहे.

तरीही मेणातील तुकड्याचे मोल मोठे आहे. मुलाला मुंबई गाठणे अवघड असले, तरी नागपुरात काढलेल्या गाठीचा तुकडा टपालानेही प्रयोगशाळेत पोहोचू शकतो. त्यासाठी तो नीट जतन करण्याची शिस्त आणि चाचणीचा खर्च शासनाने उचलण्याची तयारी हवी. पण या साखळीची पहिली कडी प्रयोगशाळेत नाही. वर्गात अडखळणारे, अक्षर एकाएकी बिघडलेले मूल प्रथम दिसते ते शिक्षकाला. त्याने पालकांना वेळीच डॉक्टरकडे धाडले, तरच पुढचे सारे शास्त्र त्या मुलाच्या उपयोगी पडेल.