दिक्कालातीत ईश्वर आणि आजची प्रार्थना



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांना मी नववीत असताना एक प्रश्न विचारला होता. त्या वर्षी माझे वडील अंथरुणाला खिळले होते आणि आई रोज पहाटे विठोबापुढे निरांजन लावून बसत असे. परमेश्वर दिक्कालातीत आहे, असे गुरुजींनी संस्कृतच्या तासाला सांगितले. मी विचारले, "गुरुजी, जो काळाच्या बाहेर आहे, त्याला आईची आजची प्रार्थना ऐकू कशी येईल?" गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "याचे उत्तर माझ्यापाशी नाही. तू आज घरी लवकर जा."

त्या प्रश्नाचा विचार मी आजही करतो आहे.

प्रथम 'बाहेर' हा शब्द पाहू. निपाणी बेळगावच्या बाहेर आहे असे आपण म्हणतो, तेव्हा दोन्ही गावे एकाच अवकाशात असतात. अवकाशाच्याच बाहेर म्हटले की त्या शब्दाचा आधारच नाहीसा होतो. म्हणून आपल्या शास्त्रकारांनी 'अपरिच्छिन्न', म्हणजे ज्याला मर्यादा पडत नाही असा, हा अधिक नेमका शब्द योजिला. पतंजलीच्या योगसूत्रांतही ईश्वराला पूर्वसूरींचा गुरू म्हटले आहे, ते काळ त्याला मर्यादित करीत नाही म्हणूनच.

असे काही असू तरी शकते काय? सात ही संख्या घ्या. तंबाखूची सात पोती वखारीत असतात. पण 'सात' स्वतः कोठे असते? ती काल जन्मली नाही आणि उद्या मरणार नाही. संख्या ही केवळ मनाची निर्मिती आहे असे काही विचारवंत मानतात, हे खरे. तरीही स्थलकालावाचून अस्तित्व ही कल्पना आत्मविसंगत ठरत नाही. मात्र सात ही संख्या कोणाची हाक ऐकत नाही. खरी अडचण येथेच आहे. ऐकणे, कृपा करणे, जग निर्माण करणे या साऱ्या कृती आहेत, आणि कृती म्हटली की 'आधी' व 'नंतर' आलेच.

या अडचणीतून निघण्याच्या तीन वाटा मला दिसतात.

पहिली वाट बेळगावच्या किल्ल्यात आहे. तेथील नेमिनाथांची कमल बस्ती इ. स. १२०४ मधील. जैन दर्शनाने जगत्कर्ता ईश्वर मानलाच नाही. मुक्त झालेले सिद्ध लोकाकाशाच्या अग्रभागी वास करतात. त्यापलीकडे रिते अलोकाकाश. सिद्धांनाही स्थान आहे, आणि ते कोणाच्या प्रार्थनेने जगात हस्तक्षेप करीत नाहीत.

दुसरी वाट बोएथियस या रोमन पंडिताची. सहाव्या शतकात, मृत्युदंडाची वाट पाहत असता, त्याने मांडले की ईश्वराची शाश्वतता म्हणजे न संपणारा काळ नव्हे, तर समग्र जीवन एकाच वेळी हाती असणे. पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने त्यास उंचावरून वाट पाहणाऱ्याचा दृष्टांत दिला. आपल्या तवंदी घाटाचेच पाहा : रस्त्यावरील प्रवाशाला पुढची मोटार तेवढी दिसते, माथ्यावरच्याला सारी रांग एकदम. ईश्वराला आजची प्रार्थना कशी कळते, हे यावरून उमगते; तिच्यामुळे काही बदलते काय, हे मात्र उमगत नाही.

तिसरी वाट संतांची. जमखंडीस १८८६ साली जन्मलेल्या आणि बेळगावातील तत्त्वज्ञान-मंदिराशी ज्यांचे नाव निगडित आहे त्या गुरुदेव रा. द. रानडे यांनी महाराष्ट्रातील संतांच्या अनुभववादावर १९३३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. ईश्वर हा अनुमानाचा नव्हे, अनुभूतीचा विषय होय, ही त्यांची धारणा. वारकऱ्यांनी तर निर्गुणाला न सोडता त्यास विटेवर उभे केले आणि वर अठ्ठावीस युगे मोजलीही!

माझे मत थोडक्यात सांगतो. दिक्कालातीत ईश्वर असू शकतो, हे तर्क नाकारीत नाही. तो आहे, हे तर्काने सिद्धही होत नाही. परंतु जो केवळ कालातीत, त्याला आळवता येत नाही. ज्याला आळवायचे, त्याने काळात उतरलेच पाहिजे.

माझे वडील त्याच आषाढात गेले. गुरुजींनी लवकर घरी धाडल्यामुळे ती संध्याकाळ मात्र मला त्यांच्या उशाशी मिळाली. ईश्वराविषयी गुरुजींना जे सांगता आले नाही, त्याहून ते मला मोलाचे वाटते.